जलक्रीडा आणि हरवलेला तोल : अंतर्कर्णाच्या विकारानंतरचे पुनर्वसन

प्रस्तावना :

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक यंत्रणा अहोरात्र राबत असते, याची जाणीव ती यंत्रणा बिघडल्यावरच होते. एके सकाळी अंथरुणातून उठताना खोली गरगर फिरू लागते, उलट्या होतात, भिंतीचा आधार घेतल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही. काही दिवसांत गरगरणे ओसरते. परंतु त्यानंतर कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, रस्ता ओलांडताना मान वळवली की झोक जातो, अंधारात जिना उतरवत नाही, बाजारातील गर्दीत पाय ठरत नाहीत. अंतर्कर्णाकडून मेंदूकडे जाणाऱ्या संतुलन-मज्जातंतूचा दाह झालेल्या रुग्णांचा हा सर्वसाधारण अनुभव होय.

अशा रुग्णास 'पोहायला जा, बरे वाटेल' हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला काहींच्या बाबतीत उत्तम, काहींच्या बाबतीत निरुपयोगी आणि काहींच्या बाबतीत जिवावर बेतणारा ठरतो. तो केव्हा कसा ठरतो, याचे शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तोल राखणारी त्रयी :

शरीराची स्थिती मेंदूस तीन मार्गांनी कळते. पहिला मार्ग दृष्टीचा. दुसरा तळपाय, घोटे, सांधे आणि मानेचे स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा. तिसरा अंतर्कर्णाचा. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्या डोक्याचे वळणे टिपतात. त्यांच्यालगतच्या दोन पिशव्यांमध्ये चुनखडीचे सूक्ष्म कण असतात व त्यांच्या भारामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा, म्हणजेच 'वर' आणि 'खाली', समजते.

दोन्ही कानांकडून मेंदूस विश्रांतीच्या अवस्थेतही सारखे संदेश जात असतात. एक बाजू अचानक मुकी झाली की मेंदू त्या विषमतेचा अर्थ 'डोके निरोगी बाजूकडे फिरत आहे' असा लावतो. शरीर स्थिर आणि मेंदूच्या लेखी मात्र ते फिरत आहे, या विसंगतीतून चक्कर उद्भवते. पुढील काही दिवसांत मेंदू ही विषमता भरून काढतो. ही झाली स्थिर अवस्थेतील भरपाई. ती बहुतांशी आपोआप होते. चालताना, वळताना, धक्का लागल्यावर तोल सावरण्याची क्षमता मात्र आपोआप येत नाही. तिच्यासाठी मेंदूस चुका घडाव्या लागतात आणि त्या दुरुस्त करण्याची संधी मिळावी लागते. भीतीपोटी मान न हलविता पडून राहणारा, किंवा सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी चक्कर दाबणारी औषधे पहिल्या काही दिवसांनंतरही घेत राहणारा रुग्ण ही संधीच गमावतो.

हे तत्त्व नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कान-नाक-घसा शल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न आणि भौतिकोपचारतज्ज्ञ कुक्सी यांनी अशा रुग्णांसाठी डोळे, मान व धड यांच्या क्रमाक्रमाने अवघड होत जाणाऱ्या व्यायामांची मालिका तयार केली. त्यात चेंडूचे खेळही होते, हे लक्षणीय आहे. जगभर वापरले जाणारे संतुलन-पुनर्वसनाचे व्यायाम याच मुळातून वाढले असून एका बाजूच्या अंतर्कर्णविकारात त्यांचा लाभ होतो, हे अनेक तुलनात्मक चाचण्यांनी दाखविले आहे. जलक्रीडांच्या बाबतीत पुरावा तितका भक्कम नाही. बहुतेक अभ्यास लहान गटांवरील आहेत. म्हणून जलक्रीडा ही जमिनीवरील व्यायामांची जागा घेणारी नव्हे, तर त्यांच्या पुढची पायरी मानणे इष्ट.

पाणी नेमके काय करते ? :

पाण्याच्या गुणांविषयी लिहिताना 'पाणी शरीरास हलके करते' एवढ्यावर थांबण्याची प्रथा आहे. ते खरे आहे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा सुमारे निम्मा भार उरतो, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक-तृतीयांश आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक-दशांश. गुडघे दुखणाऱ्यास यामुळे आराम पडतो. परंतु तोल गेलेल्या रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन वेगळ्याच आहेत.

पहिली म्हणजे पाण्यात पडणे लांबते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट आहे. जमिनीवर तोल सुटल्यापासून अंग आदळेपर्यंतचा काळ सेकंदाच्या आतबाहेर असतो. भेदरलेल्या रुग्णास तेवढ्यात काही शिकता येत नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात तोच झोक संथपणे जातो, चूक घडत असताना जाणवते व ती सुधारण्यास वेळ मिळतो. शिवाय पडलो तरी हाड मोडत नाही, हे कळल्यावर स्नायूंचा ताठरपणा कमी होतो. वयस्क रुग्णांच्या बाबतीत हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो, कारण त्यांचा निम्मा तोल भीतीनेच गेलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. तळपायांवरील भार घटल्यामुळे जमिनीकडून येणारी संवेदना क्षीण होते. म्हणजेच तीन साक्षीदारांपैकी एकाचा आवाज पाणी दाबून टाकते आणि उरलेल्या दोघांचे ऐकण्यास मेंदूस भाग पाडते. डोके पाण्याखाली गेले, डोळे मिटले, की दुसराही साक्षीदार गप्प होतो आणि सारा भार अंतर्कर्णावर येतो. ज्याचा एक कान शाबूत आहे, त्याला या सरावाची गरज आहे. ज्याचे दोन्ही कान निकामी झाले आहेत, त्याच्यापाशी मात्र पाण्याखाली 'वर' कोणते आणि 'खाली' कोणते हे सांगणारे काहीच उरत नाही. औषध आणि धोका या ठिकाणी एकाच कारणातून जन्म घेतात.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींच्या चक्कर येण्याच्या संवेदनेविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काहींना डोके पाण्याखाली जाताच दिशांचा पूर्ण संभ्रम होतो, असे आढळले होते. बहिरेपण आणणाऱ्या आजाराने त्यांचे संतुलनेंद्रियही नष्ट केले होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. १९५२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एका डॉक्टराने याच औषधामुळे दोन्ही बाजूंचे संतुलनेंद्रिय गमावल्यावर जगणे कसे झाले, याचे स्वानुभवकथन केले. अंथरुणात वाचण्यासाठी डोके पलंगाच्या गजांमध्ये टेकवून स्थिर धरावे लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेही अक्षरे हलत. भारतात क्षयरोगाच्या पुनरुपचारात या इंजेक्शनांचा वापर अनेक वर्षे झाला. त्यामुळे 'चक्कर नाही, पण अंधारात चालवत नाही' असे सांगणारा रुग्ण आपल्याकडे दुर्मीळ नाही. दोन्ही बाजू समप्रमाणात गेल्याने त्याला गरगरत नाही, आणि म्हणूनच त्याचा विकार ओळखण्यास विलंब होतो.

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी डाव्या कानाच्या संतुलन-मज्जातंतूचा दाह झाला होता. तिसऱ्या आठवड्यात, कोणाही तज्ज्ञास न विचारता, तलावात उतरून सवयीने डोळे मिटून बुडी मारली. क्षणभराने वर येण्यासाठी हात मारला, तो बोटे तळाच्या फरशीस लागली. तलाव पाच फूट खोल होता म्हणून फरशी हाताशी आली. लहानपणापासून पोहता येत असल्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग झाला नाही.

हॅलिविक पद्धती :

पाण्यातील तोलाचा पद्धतशीर विचार जेम्स मॅकमिलन यांनी केला. ते द्रवगतिशास्त्र जाणणारे अभियंते होते. १९४९ पासून लंडनमधील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत त्यांनी पोहणे शिकविण्यास आरंभ केला. त्या शाळेचेच नाव पद्धतीस मिळाले. त्यांचा मूळ विचार असा : शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आसपास असतो, तर उत्प्लावक बलाचा मध्य फुफ्फुसांतील हवेमुळे छातीच्या भागात असतो. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर पाण्यात वळत राहते. एक हात वर काढला, मान एका बाजूस झुकविली, की वळण सुरू होते. पक्षाघाताने एक बाजू दुबळी झालेल्या व्यक्तीचे शरीर तर सतत कुशीवर वळू पाहते. म्हणून मॅकमिलन यांनी आधी पोहण्याचे हात शिकविले नाहीत. आधी वळणे कसे थांबवावे व हवे तेव्हा कसे घडवावे, हे शिकविले. उभ्याचे आडवे होणे, आडव्याचे पुन्हा उभे होणे, उताण्याचे पालथे होऊन परत उताणे होणे, या क्रियांवर हुकमत आल्यावर हात मारणे येते. तरंगण्याची साधने अंगास बांधली जात नाहीत. प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक प्रशिक्षक असतो व त्याचा आधार हळूहळू कमी होत जातो.

ग्रामीण महाराष्ट्रात पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकविण्याची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. निरोगी मुलास ती पुरते. तोल गमावलेल्या प्रौढास मात्र पाठीवरचा डबा पालथेच ठेवतो; उताणे होऊन श्वास घेण्याची कला, जी त्याला सर्वाधिक हवी, तीच तो शिकू देत नाही.

तलावाकडून नावेकडे :

छातीपर्यंतच्या पाण्यात चालणे, वळणे, लाटेत उभे राहणे आणि उताणे तरंगणे जमल्यावर पृष्ठभागावरील क्रीडांचा विचार करता येतो. यांत कयाक आणि उभ्याने वल्हवायची फळी, म्हणजे पॅडलबोर्ड, या दोन विशेष उपयुक्त आहेत.

कयाकमध्ये बैठक पाण्याच्या पातळीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो. पाय तोलाच्या कामातून जवळजवळ निवृत्त होतात आणि ते काम कंबर व धड यांकडे येते. प्रत्येक वल्ह्यासरशी धड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते. नजर मात्र समोरच्या काठावरील एखाद्या झाडावर स्थिर ठेवायची असते. नजर स्थिर राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया अंतर्कर्णावरच अवलंबून आहे. भिंतीवर अक्षर चिकटवून मान हलविण्याचा जो कंटाळवाणा व्यायाम रुग्णास घरी दिला जातो, त्याच तत्त्वाचा सराव येथे शेकडो वेळा नकळत घडतो. अर्थात, डेक बंद असलेली व कमरेभोवती झापड आवळणारी कयाक वर्ज्य समजावी. ती उलटली तर डोके खाली लटकलेल्या अवस्थेत दिशा ओळखावी लागते. वर बसायची, उघडी कयाक उलटली तर माणूस आपोआप बाहेर पडतो.

पॅडलबोर्डवर पायऱ्या स्वच्छ आहेत : पालथे पडणे, गुडघ्यांवर बसणे, मग उभे राहणे. फळी पायाखाली सतत हलत असल्याने घोट्यांची साक्ष अविश्वसनीय ठरते. नवशिका खाली, चमचमणाऱ्या पाण्याकडे पाहतो आणि पडतो. अंतर्कर्णाच्या आजारानंतर अनेक रुग्ण नजरेवर अतोनात विसंबू लागतात. गर्दी, पंखा, धावती रेल्वे पाहून त्यांना भोवळ येते, ती याचमुळे. त्यांच्यासाठी हलत्या पाण्याच्या सान्निध्यात दूरच्या स्थिर क्षितिजाशी नजर जोडणे हा उपचारच आहे. परंतु तो दहा मिनिटांपासून सुरू करावा. फळीवरून उतरल्यावर काही वेळ जमीन डोलल्यासारखी वाटते. ते स्वाभाविक होय.

येथे एक मनोरंजक बाब नमूद करण्यासारखी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन नौदलाने अंतराळप्रवासाच्या पूर्वतयारीसाठी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील अकरा बधिर पुरुषांवर प्रयोग केले. खवळलेल्या समुद्रावरील सफरीत हे अकराही जण मजेत होते आणि संशोधकच आजारी पडले. बोट लागण्यासाठीही संतुलनेंद्रिय शाबूत असावे लागते.

कोणी पाण्यात उतरू नये :

निदान झाल्याशिवाय कोणीही नाही. कूस बदलताच काही सेकंद येणारी चक्कर पुष्कळदा जागचे सुटून नलिकेत शिरलेल्या कणांमुळे असते. डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते कण जागी नेता येतात. त्यासाठी जलक्रीडेची गरज नाही, उलट उताणे पोहताना मान मागे जाऊन झटका येऊ शकतो. मेनिएरच्या विकारात झटका पूर्वसूचनेविना येतो. अशा रुग्णाने खोल पाण्यात एकट्याने जाऊ नये. अपस्माराबाबत हेच अधिक कठोरपणे लागू आहे. २०१९ मध्ये झुरिच येथील डॉक्टरांनी कंपवाताच्या नऊ रुग्णांची नोंद केली. मेंदूत खोलवर विद्युत-उद्दीपन बसविल्यावर त्यांच्या हालचाली सुधारल्या, पण पोहण्याचे कौशल्य नाहीसे झाले. ते सारे पूर्वी चांगले पोहणारे होते.

कानाच्या पडद्यास छिद्र असणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. रॉबर्ट बारानी यांना कान धुताना पाणी गार असल्यास रुग्णास चक्कर येते, असे दिसले. त्यातून उभ्या राहिलेल्या संशोधनास १९१४ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्या परीक्षेच्या प्रचलित पद्धतीत शरीराच्या तापमानाहून सात अंशांनी थंड, म्हणजे ३० अंश सेल्सिअसचे पाणी वापरतात. पोहण्याच्या तलावाचे पाणी याहून थंड असते. दोन्ही कानांत ते सारखेच शिरले तर परिणाम परस्परांस खोडून काढतात. एका पडद्यास छिद्र असेल, किंवा एका कानात मळाचा बोळा असेल, तर तलावातच बारानींची परीक्षा सुरू होते.

घरच्या घरी एक चाचपणी करता येते. जवळ कोणी उभे असताना, जाड गादीवर पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहावे. गादी घोट्यांची साक्ष काढून घेते, मिटलेले डोळे नजरेची. उरतो तो कान. अर्धा मिनिटही उभे राहता न येणाऱ्याने डोके पाण्याखाली घालू नये. त्याने मान वर ठेवून तलावात चालावे, पोहणे उताणेच ठेवावे. कधी बुडी झालीच तर डोळे उघडे ठेवून तोंडातून हवा सोडावी. बुडबुडे जातात ती दिशा वरची. दिसत नसेल तर ते गालावरून कोणीकडे सरकतात, हे हाताने चाचपावे.

यामुळेच जागेची निवड गौण मानता येत नाही. विहिरीस उथळ बाजू नसते. पावसाळ्यातील नदी गढूळ असते, म्हणजे बुडबुडेही दिसत नाहीत. उथळ टोक, स्वच्छ पाणी व जीवरक्षक असलेला नगरपालिकेचा तलाव, दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी, हे सर्वांत योग्य ठिकाण. नौकाक्रीडेसाठी वारा पडलेल्या सकाळचे बंदिस्त पाणी निवडावे आणि कॉलर असलेले जीवरक्षक जॅकेट घालावे. खेळाडू वापरतात ते बिनकॉलरचे सुटसुटीत जाकीट माणसाला तरंगवते. त्याचा चेहरा वर करीलच असे नाही.