मागणीचा पत्ता : शिरूर, दौंड आणि विधिमंडळ

नगरपालिकेला राज्य सरकारकडून काही हवे असेल, तर ती काय करते? सभेत विषय येतो, सर्वानुमते ठराव होतो, निवेदन टाइप होते. मग चार-दोन पदाधिकारी आमदारांना किंवा पालकमंत्र्यांना गाठून ते देतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी येते. ‘लवकरच बैठक लावू’ असे आश्वासनही मिळते. पुढे त्या कागदाचे काय होते, याची चौकशी फारशी कोणी करत नाही. या लेखाचा विषय तो कागद आहे. तो कोणाच्या टेबलावर जायला हवा, प्रत्यक्षात कुठे जातो आणि मध्येच का हरवतो, हे शिरूर आणि दौंड या दोन गावांच्या आधाराने समजून घ्यायचे आहे. मी वकील नाही आणि सरकारी नोकरीतही कधी नव्हतो. अधिनियम, राजपत्र आणि विधिमंडळाचे कामकाज वाचत वाचत जे उमगले, ते इथे मांडतो.

ही दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या कडेला आहेत. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. दोघांच्याही घडणीत बाहेर घेतलेल्या निर्णयांचा वाटा मोठा आहे. शिरूरला इंग्रजांनी छावणी वसवली. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. दौंड वाढले ते रेल्वेमुळे, मनमाडकडे जाणारा फाटा इथून निघाला म्हणून. छावणी कुठे असावी आणि रूळ कुठून जावेत, हे तिथल्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. तो काळच तसा होता. पण आज, संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षे झाल्यावर, या गावांना आपले म्हणणे राज्याच्या कायदेमंडळापर्यंत नेण्याची वाट किती मोकळी आहे?

आधी कायद्याची चौकट पाहू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील पाचवी नोंद ‘स्थानिक शासन’ ही आहे. म्हणजे नगरपालिका कशी असावी, तिने कोणता कर घ्यावा, तिचा अध्यक्ष कोणी निवडावा, हे सारे राज्याचे विधिमंडळ ठरवते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून दिले. मात्र अधिकार सोपवण्याच्या कलमांत (२४३-डब्ल्यू आणि २४३-एक्स) विधिमंडळ कायद्याने अधिकार ‘देऊ शकेल’, अशी भाषा आहे. द्यावेच लागतील, असे बंधन नाही. या एका क्रियापदात आपल्या नगरपालिकांची निम्मी कहाणी आली.

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत १८६८ मध्ये आयोवा राज्यातील न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी असे तत्त्व मांडले की, शहर ही राज्याच्या कायदेमंडळाची निर्मिती आहे आणि कायदेमंडळाने दिले तेवढेच अधिकार शहराला असतात. त्यावर तिथल्या अनेक शहरांनी एक व्यवहारी तोड काढली. राज्याच्या कायदेमंडळाचे अधिवेशन भरण्याआधी नगरसभा एक मागणीपत्रिका मंजूर करते. कोणता कायदा बदलावा, कोणत्या विधेयकाला विरोध करायचा, कोणत्या कामाला पैसा हवा, हे त्यात प्राधान्यक्रमाने लिहिलेले असते. ऑस्टिन आणि सिएटल यांसारखी शहरे अशी पत्रिका जाहीर करतात. मोठ्या शहरांकडे पाठपुराव्यासाठी पगारी माणसे असतात. शिरूर किंवा दौंडला ती चैन परवडणार नाही. पण पत्रिकेला कागदच तेवढा लागतो.

आपल्याकडच्या निवेदनांत काय नसते, ते अशी पत्रिका पाहिली की ध्यानात येते. आपली निवेदने बहुधा निधी मागतात. रस्ता, गटार, सभागृह, पुतळ्याचे सुशोभीकरण. नगरोत्थान, दलितवस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान, अशा योजनांच्या खिडक्या उघड्या असतात आणि निवेदन तिथे जाते. यात गैर काहीच नाही. पण योजनेचा पैसा ज्या नियमाने येतो, तो नियमच बदला, असे म्हणणारे निवेदन क्वचित दिसते. त्यामुळे कायदा बदलतो तेव्हा गावाला ते बातमीतून कळते.

जकातीचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. व्यापाऱ्यांची मागणी जुनी होती आणि नाक्यांवरचा भ्रष्टाचारही कोणाला अमान्य नव्हता. तेव्हा निर्णय चूक होता, असे मला म्हणायचे नाही. पण पुणे–नगर रस्त्यावरच्या शिरूरसारख्या गावात जकात हे रोज हातात पडणारे, गावाच्या उलाढालीबरोबर वाढणारे उत्पन्न होते. तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला घरखर्चाला महिन्याचे पैसे पाठवून द्यावेत, तसा हा बदल होता. रक्कम किती आणि कधी, हे आता देणारा ठरवतो. गावाच्या हाती उरली घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. घरपट्टीची चतुर्थ वार्षिक आकारणी आली की मोर्चे निघतात, म्हणून तीही वाढवणे अवघड.

दुसरे उदाहरण नगराध्यक्षपदाचे. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचे ठरले. २०२० मध्ये ती निवड पुन्हा नगरसेवकांकडे गेली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा थेट निवड आली. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. पण सहा वर्षांत तीनदा दिशा बदलली, ती मुंबईतल्या सत्तेच्या गणितानुसार. ज्या गावांचा अध्यक्ष निवडायचा होता, त्यांचे मत काय, हे नोंदवणारा कागद या साऱ्या प्रवासात महत्त्वाचा ठरला नाही.

आता मागण्यांची वर्गवारी करू. माझ्या मते गावाची प्रत्येक मागणी तीनपैकी एका पत्त्यावर जाते. काही मागण्या शासनाच्या निर्णयाने सुटतात, काहींना कायदाच बदलावा लागतो आणि काही राज्याच्या हातातच नसतात. पत्ता चुकला की पत्र परत येते. इथे तर ते परतही येत नाही.

पहिल्या प्रकारात दौंडचे पाणी येते. शहराचे पाणी खडकवासल्याच्या कालव्यातून येते आणि त्याचे आवर्तन लांबले की टंचाई जाणवू लागते. त्याच साखळीतल्या पाण्यावर पुणे शहराची तहान आणि दौंड, इंदापूरची शेती अवलंबून आहे. आवर्तन कधी सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. पाण्याच्या वाटपासाठी २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही झाले. यासाठी नवा कायदा नको. गावाची गरज किती, साठवण किती दिवसांची, गळती किती, असे आकडे घेऊन योग्य बैठकीत माणूस बसायला हवा. सभागृहात आमदारांनी लक्षवेधी मांडायची असेल, तरी तिला बळ याच आकड्यांचे.

हद्दवाढही याच प्रकारातली. शिरूरची वस्ती रामलिंगच्या बाजूला शिरूर ग्रामीण ग्रामपंचायतीच्या हद्दीत पसरली आहे, तर दौंडची लिंगाळी आणि गोपाळवाडीकडे. बाजार, दवाखाना, शाळा शहरातली आणि घरपट्टी ग्रामपंचायतीची, अशी ही स्थिती. हद्द वाढवण्याचा अधिकार राज्य सरकारचा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली हरकती-सूचना मागवून अधिसूचना काढावी लागते. ग्रामपंचायतींचा विरोधही समजण्यासारखा आहे, कारण कर वाढेल ही भीती खरी असते आणि सोयी येतील ही खात्री नसते. म्हणून ‘हद्दवाढ करा’ एवढे म्हणून भागत नाही. नव्या भागाला पाच वर्षांत काय देणार आणि कर कोणत्या टप्प्यांनी लावणार, हे त्या मागणीतच लिहावे लागेल.

दुसरा प्रकार कायद्याचा. नगरपरिषदेने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. बेकायदा ठराव रोखायला अशी तरतूद हवीच, पण स्थगितीवर अंतिम निर्णय किती दिवसांत व्हावा, याची पक्की मुदत असावी असे वाटत असेल, तर ती मागणी विधिमंडळाकडे करावी लागेल. गावाला करांचे नवे साधन हवे असेल, राज्याच्या करांत ठरलेला वाटा हवा असेल, तरी तेच. राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमायचा असतो आणि त्याच्या शिफारशी, त्यांवर केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह, विधिमंडळापुढे ठेवायच्या असतात. आयोगापुढे लेखी म्हणणे मांडणे आणि अहवाल पटलावर आला की आमदारांना प्रश्न विचारायला लावणे, ही दोन्ही कामे गावाची आहेत.

तिसऱ्या प्रकारात दौंडची कुरकुंभ मोरी. रुळांच्या अलीकडचे आणि पलीकडचे दौंड ज्या वाटेने जोडले जाते, तिच्या अरुंदपणाने किती पिढ्या वैतागल्या, हे दौंडकरांना सांगायला नको. रेल्वे हा संघसूचीतला विषय. विधानसभेत त्यावर कितीही गहजब झाला तरी राज्य शिफारस करेल, आपल्या वाट्याचा पैसा देईल, पण रुळांखालचे काम रेल्वेच्या मंजुरीशिवाय हलत नाही. इथे पत्ता खासदाराचा, म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघाचा. शेजारी असूनही शिरूरचे गाव वेगळ्या लोकसभा मतदारसंघात आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

विधिमंडळात गावाचा माणूस कोण, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक आमदार सर्वांना माहीत असतो, विधानसभेचा. दुसरा फारसा कोणाला आठवत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांच्या आहेत. तिथे मतदार असतात नगरसेवक, महापालिकांचे आणि जिल्हा परिषदांचे सदस्य. या कल्पनेची मुळे जुनी आहेत. १८९२ च्या कायद्यानंतर मुंबई महापालिकेने फिरोजशहा मेहतांना प्रांतिक कायदेमंडळात पाठवले होते. आजचे राज्य मानते की, गावकारभाराचा अनुभव असलेल्यांचा स्वतंत्र आवाज वरिष्ठ सभागृहात हवा. पुणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली आणि जागा रिकामी राहिली. कारण साधे होते. मतदारच उरले नव्हते.

शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदा २०१६ च्या डिसेंबरात निवडल्या गेल्या होत्या. संविधानाचे कलम २४३-यू सांगते की मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडकला, मग प्रभागरचनेचे वाद आले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक काम करत नाहीत, असे नव्हे. पण ज्याने प्रस्ताव ठेवायचा त्यानेच ठराव मंजूर करायचा, आणि तो राज्याचाच अधिकारी, अशा व्यवस्थेत राज्याकडे हट्टाने मागणार कोण? जिल्हा नियोजन समितीचेही तसेच. तिचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यायचे असतात. संस्थाच रिकाम्या, तेव्हा ती बाकेही रिकामी. गावाच्या मागणीच्या तीन-चार वाटा एकाच वेळी बुजल्या आणि उरली ती एकच, निवेदन घेऊन दारात उभे राहण्याची.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरवून दिली.  नव्या नगरपरिषदेने पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट करावी, असे मला वाटते. मार्चच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाआधी दरवर्षी एक मागणीपत्रिका सभेत चर्चा करून मंजूर करावी. मागण्या पाचच असाव्यात. पन्नास असल्या की एकही नसते. प्रत्येकीपुढे पत्ता लिहावा : शासन निर्णय, कायदादुरुस्ती की केंद्र. आकडे जोडावेत. प्रत दोन्ही आमदारांना आणि खासदारांना द्यावी आणि नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. वर्षअखेरीस कोणत्या मागणीवर तारांकित प्रश्न झाला, कोणती पुरवणी मागण्यांत आली, कोणती जिथल्या तिथे राहिली, याचा हिशेब त्याच फलकावर लावावा.

शिरूर आणि दौंड यांनी काही पत्रिका एकत्र काढाव्यात, असेही सुचवतो. पाणी, हद्दवाढ आणि करांतला वाटा हे प्रश्न दोघांचेही आहेत. एका नगरपरिषदेचे पत्र फायलीला लागते. दहा नगरपरिषदांचा एकच मजकुराचा ठराव आला, तर खात्याला टिप्पणी लिहावी लागते.

यासाठी नवा कायदा लागत नाही, मंजुरी लागत नाही, निधीही लागत नाही. मते मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला आपण नेहमी विचारतो, ‘आमच्या गल्लीसाठी काय करणार?’ या वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : ‘गावाच्या पाच मागण्या कोणत्या, आणि त्या कोणाच्या दारात नेणार?’ उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न त्याच्या कानावर गेलेला असेल.