शहरातली मुलं शेतावर कशी रुळतात? सेवाग्रामच्या शाळेनं शोधलेलं उत्तर

पहिले दोन दिवस मजेचे असतात. मोटार सुरू झाली की पाण्यात पाय बुडवायचे, वासराच्या मागे धावायचं, झाडावर चढायचं. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतात. रेंज का नाही? लाइट कधी येणार? आता काय करू?

नोकरी सोडून गावाकडे परतलेल्या अनेक घरांत हा तिसरा दिवस येतो. आईवडिलांना वाटतं, मुलांना शेती आवडत नाही. पण अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते.

अडचण नेमकी कुठे येते?

शहरात दिवस घड्याळावर चालतो, वावरात तो हंगामावर चालतो. वर्धा जिल्ह्यात जूनमध्ये पाऊस झाला की कपाशी आणि सोयाबीनची पेरणी होते. कपाशीची पहिली वेचणी यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधले चार महिने मोठ्यांचे डवरणी, निंदण आणि फवारणीत जातात. मूल बांधावर बसून पाहत राहतं. त्याला काम नसतं आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही. ज्या जागी आपली गरजच नाही, ती जागा परकी वाटणारच.

सेवाग्रामनं काय केलं?

या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यात शोधलं गेलं होतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’चा आराखडा तयार झाला. शेती, कताई, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगातून गणित, भाषा आणि विज्ञान शिकायचं, ही त्यामागची कल्पना. समितीच्या वेळापत्रकात शाळेच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगासाठी होती. सेवाग्राममध्ये आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं हे काम उभं केलं.

मुलांना मजूर बनवणार का, अशी टीका तेव्हाही झाली. समितीनंही आपल्या अहवालात सावध केलं होतं की उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षण बाजूला पडू नये. काम करताना ‘असं का?’ विचारता आलं आणि त्याचं उत्तर मिळालं तर ते शिक्षण, नाहीतर नुसती राबणूक.

समाजसेवक डॉ. अभय बंग यांचं बालपण सेवाग्रामात गेलं आणि नववीपर्यंतचं शिक्षण याच पद्धतीच्या शाळेत झालं. वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे थोरले भाऊ अशोक शेतीच्या कामात गेले, तर अभय आरोग्याच्या. म्हणजे मातीत हात घातलेलं प्रत्येक मूल शेतकरीच होतं असं नाही. मधल्या काळात बंद पडलेली शाळा 2005 साली ‘आनंद निकेतन’ नावानं पुन्हा सुरू झाली. आज वर्धा शहरातली आणि भोवतालच्या खेड्यांतली मुलं तिथे एकत्र भाजीपाला पिकवतात.

घरी हे कसं करता येईल?

मुलाला ‘मदत कर’ म्हणण्याऐवजी दहा बाय दहा फुटांचा एक वाफा पूर्ण त्याच्या हवाली करावा. सुरुवात मेथी किंवा मुळ्यानं करावी. महिना-सव्वा महिन्यात पीक हाती येतं, त्यामुळे धीर टिकतो. बी, खत आणि पाणी यांची नोंद त्यानंच वहीत करायची. पाणी द्यायचं राहिलं आणि रोपं सुकली, तर मोठ्यांनी गुपचूप सावरू नये.

गणित आपोआप येतं. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, म्हणजे असे जवळपास 435 वाफे. कपाशीच्या दोन ओळींत चार फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर धरलं, तर एकरात झाडं किती? उत्तर 10,890. हा हिशेब पऱ्हाटीत उभं राहून केला की सहसा विसरत नाही.

कुठे सैल सोडू नये?

फवारणीच्या वेळी मुलांना वावरात नेऊ नये. औषधाचा रिकामा डबाही हाताळू देऊ नये. कठडा नसलेल्या विहिरीजवळ एकटं पाठवू नये. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कामं सकाळीच उरकावीत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप. रात्री बॅटरी आणि बूट हवेतच. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळूनही बांधू नये. हालचाल थांबवून 108 ला फोन करावा आणि थेट दवाखाना गाठावा.

शाळा आणि सवंगडी

सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानुसार आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वऱ्हाडी बोली कानाला सवयीची व्हायला काही आठवडे लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी नंदीबैल सजवून बोजारा मागत गावभर फिरलं की ओळखी होतात.

पण एक फरक मोठ्यांनी समजावून सांगायला हवा. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा कर्जग्रस्त जिल्ह्यांत वर्धाही होता. नव्या मुलाला ज्या पावसाची गंमत वाटते, त्याच पावसानं शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरचा कापूस भिजलेला असू शकतो. आपल्या वहीत ‘खर्च 60, विक्री 45’ असं एकदा लिहावं लागलं, की मित्र आज गप्प का आहे हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.