पावसाची पारख करणारे शेवाळ



किनवटकडच्या वस्त्यांवर गेले की मी सांगतो, ‘पाणी गाळून, उकळून प्या.’ उकळल्याने जंतू मरतात. पण पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात शिसे असेल तर ते जात नाही. पिण्याच्या लिटरभर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त शिसे नसावे, असे भारतीय मानक आहे. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, पण लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

हवा तपासणारी यंत्रे महाग. मात्र आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल आठवा. त्याला मुळे नसतात. ते हवापाण्यावरच वाढते. भिंतीवरचे मखमली शेवाळही तसेच. म्हणून हवेतले धातू त्यांच्यात साठतात. युरोपात १९९० पासून दर पाच वर्षांनी शेवाळ तपासून असे प्रदूषण मोजतात.

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात शेवाळ वाळून जाते. तेथे पिशवीची पद्धत सोयीची. स्वच्छ जागेचे शेवाळ धुऊन, वाळवून नायलॉनच्या जाळीत भरावे. एक पिशवी भंगार-बॅटऱ्या वितळवतात त्या बाजूला, एक दूरच्या वस्तीत उंच टांगावी. एक घरात झाकून ठेवावी. दीड-दोन महिन्यांनी तिन्ही प्रयोगशाळेत द्याव्यात. झाकलेल्या पिशवीपेक्षा जास्त निघालेला धातू हवेतून, पावसातून आलेला.

पाणी पिण्याजोगे आहे का, हे पिशवी सांगत नाही. पाण्याची महागडी तपासणी आधी कुठे करावी, हे सांगते. तोवर पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ द्या, हेही मी आता वस्तीवर सांगतो.