शिरगणतीचे प्रश्न आणि घरातील नित्यजीवन

शिरगणतीचा अहवाल हाती घेणारा अभ्यासक सामान्यतः कोष्टकांकडे वळतो. प्रगणकाने कोणता प्रश्न विचारला आणि त्याला कोणत्या सूचना दिलेल्या होत्या, हे पाहण्याची तसदी फारसा कोणी घेत नाही. वस्तुतः लोकांच्या घरगुती जीवनाविषयी जितके उत्तरांवरून कळते, तितकेच प्रश्नांवरूनही कळते. हिंदुस्थानातील पहिली शिरगणती १८७२ ची म्हणून ओळखली जाते. पण तिचे काम निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाले होते. बहुतेक सर्व देशभर एकाच वेळी गणना झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. तेव्हापासूनच्या प्रश्नावल्या क्रमाने वाचल्या, तर घराच्या उंबरठ्याआत काय चालते हे जाणण्याचा राज्यकर्त्यांचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली अडचण ‘घर’ या शब्दापाशीच आली. एका वाड्यात चार भाऊ राहत असतील, तर ते घर एक मानावे की चार? भिंती आणि दरवाजे मोजून हा प्रश्न सुटेना, म्हणून कित्येक प्रांतांत चुलीची कसोटी लावण्यात आली: एका चुलीवर शिजलेले अन्न जे खातात ते एक घर. मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणजे विभक्त होणे. लोकव्यवहारातील हीच खूण शिरगणतीने उचलली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९५१ मध्ये इमारत या अर्थाचे ‘घर’ आणि एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारे ‘कुटुंब’ यांची स्पष्ट फारकत करण्यात आली. मात्र जमीन सामाईक ठेवून चुली वेगळ्या करणारे भाऊ या व्याख्येप्रमाणे विभक्तच ठरतात, हे एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाविषयी अनुमाने काढताना ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८१ ते १९३१ पर्यंत अखेरची गणना एका ठरावीक रात्री होत असे. त्या रात्री जो ज्या छपराखाली असेल, त्याची नोंद तेथे व्हावयाची. साहजिकच बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी माहेरच्या माणसांत मोजली जाई. १९४१ मध्ये ही एका रात्रीची पद्धत सोडून नेहमीच्या वास्तव्यास महत्त्व देण्यात आले. म्हणून या दोन कालखंडांतील कुटुंबांच्या आकाराची तुलना सावधपणे करावी लागते.

नाव आणि वय हे प्रश्न वरकरणी अगदी साधे. परंतु स्त्रीचे नाव सांगण्यास घरच्यांनी आढेवेढे घेतले, तर नावाच्या जागी केवळ ‘स्त्री’ असे लिहून बाकीचे रकाने भरावेत, अशी सूचना प्रगणकांना होती. घरातील बाईचे नाव परक्या पुरुषापुढे उच्चारावयाचे नसते, या संकोचाची ही सरकारी कबुलीच होय. बारसे न झालेल्या मुलाच्या नावी ‘तान्हे मूल’ एवढीच नोंद होई. वयाच्या कोष्टकांत तीस, चाळीस, पन्नास अशा आकड्यांपाशी माणसांची गर्दी दिसते. कारण जन्मसाल लक्षात ठेवण्याची गरज नित्यव्यवहारात कोणास पडत नसे. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा अशा आपत्तींच्या खुणेने वय अजमावावे लागे.

तथापि सर्वांत उद्बोधक इतिहास आहे तो कामाविषयीच्या प्रश्नाचा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सूचनांत असे सांगितलेले आढळते की, घर सांभाळणारी व स्वयंपाक करणारी स्त्री ही कामकरी नव्हे, ती आश्रित. पण सरपण किंवा शेण गोळा करून विकणारी स्त्री कुटुंबाच्या मिळकतीत भर घालते, म्हणून ती कामकरी. याचा अर्थ असा की, रानातून आणलेली मोळी बाजारात गेली तर ते काम, आणि तीच मोळी घरच्या चुलीत गेली तर काम नव्हे. १९३१ मध्ये ‘काम करणारे आश्रित’ असा एक मधला वर्ग निर्माण करण्यात आला. श्रम दिसत होते, पण त्यांना नाव काय द्यावे हे उमगत नव्हते, असाच त्याचा अर्थ होतो.

प्रश्नाची शब्दरचना बदलली की चित्र किती पालटते, याचे ठळक उदाहरण पुढे घडले. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणाऱ्यास कामकरी मानण्यात आले. १९७१ मध्ये ‘मुख्य उद्योग कोणता’ असे विचारताच शेतात राबणाऱ्या असंख्य स्त्रियांची नोंद ‘घरकाम’ या सदरात गेली. परिणामी कामकरी स्त्रियांची संख्या सुमारे ६ कोटींवरून सुमारे ३ कोटींवर आली. दहा वर्षांत निम्म्या स्त्रियांनी काम सोडले असे कोणी म्हणणार नाही. बदलला होता तो मुख्यतः प्रश्न. १९९१ मध्ये शेतातील वा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे कामही धरावे असा स्पष्ट उल्लेख प्रश्नातच करण्यात आला, आणि २००१ मध्ये केवळ घरच्या वापरासाठी केलेले दुग्धोत्पादनही कामात गणले गेले.

याच सुमारास प्रश्न घराच्या अंतर्भागात शिरले. वीज, पाणी, शौचकूप, जळण, स्वयंपाकघर यांची विचारपूस होऊ लागली. २०११ च्या गणनेत सुमारे ४९ टक्के कुटुंबे सरपणावर स्वयंपाक करीत होती, आणि १७.६ टक्के कुटुंबांना पाणी घरापासून दूर अंतरावरून आणावे लागत होते. हे सरपण कोण गोळा करते, हा हंडा कोण वाहते, हे मात्र त्या कोष्टकांत नाही. जळणाचा प्रकार नोंदला गेला. मोळी घरी आणणारीचे श्रम शंभर वर्षांपूर्वीप्रमाणेच नोंदीबाहेर राहिले.

म्हणून शिरगणतीचे कोष्टक वाचण्यापूर्वी प्रगणकाच्या हातातील सूचनापुस्तिका वाचणे अगत्याचे आहे. कोष्टकातील रिकामी जागा ही नेहमीच जीवनातील रिकामी जागा असते असे नाही. पुष्कळदा ती न विचारलेल्या प्रश्नाची जागा असते.