शर्यतीचा रविवार

पहाटे 4. कणीक मळायला घेतली. बत्तीस डबे, प्रत्येकी चार चपात्या. रविवारी सुट्टी नाही. उद्यमनगरात खोल्या करून राहणारी पोरं त्याच दिवशी पोटभर जेवतात. हे आणि लेक शुक्रवारीच बंगळूरला गेलेत, शर्यतीची गो-कार्ट टेम्पोत बांधून. सहाशे किलोमीटर. ह्यांच्या लेथचा शनिवार आणि सोमवार, दोन दिवस खाडा.

सहाला धाकटा उठला आणि न सांगता भाजी चिरायला बसला. यंदा त्याच्या क्लासची फी भरली नाही. तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, मला तेच जास्त लागतं.

सातला दोन नवी पोरं डबा विचारायला आली. नंबर ठेवून घेतला, पण हात पुरत नाहीत म्हणून नाही म्हटलं.

8 वाजता लेकीचा फोन. "आई, वजन भरलं गं." कार्ट आणि चालवणारा मिळून ठरलेलं किमान वजन भरावंच लागतं. ही हडकुळी, म्हणून ह्यांनी शिशाच्या वड्या ओतून सीटला बोल्टनं आवळल्यात. शिसं वितळवलं माझ्याच पातेल्यात. ते आता लेथवरच असतं. कार्टला स्प्रिंग नसतात, प्रत्येक हादरा थेट बरगड्यांत बसतो. घरी आली की मी शेकून देते. हिरवे-निळे डाग पाहिले की वाटतं, पुरे हे. बोलत मात्र नाही.

अकराला धाकटा सायकलवरून डबे घेऊन निघाला.

दुपारी दीड. फायनल. फोन पिठाच्या डब्याला टेकवला. कार्टनं रेषा ओलांडली की तिच्या नावापुढे फेरीचे सेकंद उमटतात. आधी मला काहीच कळायचं नाही. आता दोन दशांश सेकंदासाठी किती झगडावं लागतं ते कळतं. ती पाचवी होती. सहाव्या फेरीला तिचा आकडा थांबला. बाकीच्यांचे बदलत होते. एक फेरी, दोन फेऱ्या. तव्यावरची चपाती जळाली तेव्हा गॅस बंद केला. वीस मिनिटांनी फोन आला. "मी बरी आहे. मागून धक्का बसला, एक्सल वाकला." आवाज रडवेला होता, पण तो रागाचा.

संध्याकाळी वही काढली. टायरचा एक संच म्हणजे आमच्या सहा डब्यांचे महिनाभराचे पैसे, तेही किराणा न धरता. आता एक्सल. वरच्या मजल्याच्या सळ्या चार पावसाळे गंजतायत. फ्रिजवर लेकीनं कात्रण लावलंय: पुण्याच्या डायना पुंडोळे, दोन मुलांची आई, 2024 मध्ये कार रेसिंगच्या राष्ट्रीय विजेत्या. ते मी रोज वाचते.

रात्री 9. ते चित्रदुर्गजवळ ढाब्यावर जेवत होते. "आई, पुढच्या महिन्यात पुढची फेरी आहे," ती हळूच म्हणाली. "पोटभर जेव आधी," मी म्हटलं.

सकाळच्या पोरांना फोन करून उद्यापासून या म्हटलं. मग चौतीस डब्यांचे हरभरे भिजत घातले.