चष्म्याचे दुकान आणि दोघांची भागीदारी

आपल्या व्यापारी घराण्यांतील तरुण चष्म्याच्या व्यवसायात उतरतो, तेव्हा जागा व भांडवल बहुधा घरचे असते आणि नेत्रतपासणीसाठी पदवीधर ऑप्टोमेट्रिस्ट भागीदार म्हणून घेतला जातो. एकाचे दुकान, दुसऱ्याची विद्या, असा हा जोड उत्तमच आहे. मात्र भागीदारीपत्र करताना कापडाच्या किंवा किराण्याच्या पेढीचा जुना नमुना केवळ नावे बदलून वापरला जातो. कापड खराब निघाले तर ठाण परत घेता येते. डोळ्याच्या बाबतीत तशी सोय नाही.

समजा, पंचेचाळिशीतला एक ग्राहक जवळचे अंधुक दिसते म्हणून आला. त्याला नंबर काढून चष्मा दिला गेला. काचबिंदूची लक्षणे असूनही नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले गेले नाही आणि पुढे त्याची दृष्टी गेली. गल्ल्यावर बसणाऱ्या भागीदाराने तो डोळा पाहिलाही नव्हता. तरी १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम २६ नुसार, व्यवसायाच्या ओघात एका भागीदाराकडून झालेल्या कसुरीस पेढी उत्तरदायी असते. आणि पेढीच्या कृत्यांस कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार संयुक्तपणे तसेच स्वतंत्रपणे जबाबदार असतो. पेढीचा पैसा अपुरा पडला तर वसुली राहत्या घरापर्यंत पोहोचू शकते. काच चुकीची बसवली गेली, तर हेच ओझे उलट दिशेने ऑप्टोमेट्रिस्टवर येते.

‘आमच्या दुकानाचा विमा आहे’ हे उत्तर येथे पुरत नाही. तो विमा मुख्यतः आग, चोरी अशा हानीचा असतो. तपासणीतील कसुरीसाठी व्यावसायिक दायित्वाचा, म्हणजे प्रोफेशनल इंडेम्निटीचा, वेगळा विमा लागतो. तो ऑप्टोमेट्रिस्टच्या एकट्याच्या नावे असेल, तर पेढीला व दुसऱ्या भागीदाराला आपोआप संरक्षण मिळत नाही. शिवाय असा विमा बहुधा दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळातील पॉलिसीवर चालतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा यंदाच्या तपासणीचा दावा पुढच्या वर्षी आला आणि मधल्या काळात नूतनीकरण राहून गेले असेल, तर आधी भरलेले हप्ते उपयोगी पडत नाहीत. हप्ता कोणी व कोणत्या खात्यातून भरायचा, हे म्हणूनच करारात लिहावे. तपासणीची आणि ‘नेत्रतज्ज्ञाकडे जा’ या सल्ल्याची लेखी नोंद ठेवण्याचे कामही कोणा एकाकडे सोपवावे.

वेगळा करार नसेल तर नफा समान वाटला जातो आणि भागीदाराला कामाचे वेतन मागता येत नाही. दिवसभर तपासणी करणाऱ्याला ही गोष्ट पुढे खुपते. तपासणीची यंत्रे पेढीची की आणणाऱ्याची, हेही त्याच वेळी ठरावे.

सर्वांत अवघड प्रश्न मृत्यूनंतरचा. भागीदार दोघेच असतील, तर एकाच्या निधनाने पेढी विसर्जित होते. एकट्याची भागीदारी असू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे दुःखाच्या दिवसांतच वारसांचा हिशेब करावा लागतो. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ येतो : ठेवणाऱ्याला आपल्या ठेवीचा नेमका आकडा आठवला नाही आणि त्याने कमी मागितले, तर तेवढेच देऊन गप्प बसणे. भागीदाराच्या विधवेला पतीचे भांडवल किती होते हे ठाऊक नसेल, तर हयात भागीदाराची हीच परीक्षा असते. भांडवलखात्याची दरवर्षी दोघांच्या सहीने नोंद व्हावी आणि तिची प्रत दोन्ही घरी असावी. हिश्श्याचे मूल्य कसे काढायचे व किती हप्त्यांत द्यायचे, हे करारातच असावे. त्या रकमेसाठी भागीदारांचा परस्पर आयुर्विमा काढता येतो. त्यामुळे वारसांना पैसे देताना दुकान विकावे लागत नाही.

राहत्या घराची चिंता असेल त्यांनी २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीचा विचार करावा. तीत एकाच्या कसुरीचा भार दुसऱ्याच्या खासगी मालमत्तेवर येत नाही; कसूर करणारा मात्र स्वतः जबाबदार राहतो. साधी भागीदारीच पसंत असेल तर तिची नोंदणी तरी करावी. नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही, मग उधारीवर चष्मे नेणारी संस्था कितीही मोठी असो.