आठ फटकाऱ्यांचं अक्षर

मी इचलकरंजीचा कापडवाला. चीनमधल्या शाओशिंगजवळ, खच्याओच्या कापडपेठेत माझी उमेदीची वर्षं गेली. क्रेप, जॉर्जेट, पॉलिएस्टर, जिकडे बघावं तिकडे तागेच तागे. या पेठेपासून थोड्याच अंतरावर, बांबूच्या बनात लानथिंग नावाची जागा आहे. ब्रशनं अक्षर वळवणारा प्रत्येक चिनी माणूस तिचं नाव आदरानं घेतो, आणि तिथल्या एका लेखाच्या पहिल्याच अक्षरावर पुढच्या पिढ्यांनी हात घोटवले. ते अक्षर म्हणजे ‘युंग’. अर्थ, कायम.

वर एक ठिपका, खाली उतरून डावीकडे आकडा टाकणारा दांडा, दोन्ही बाजूंना फेकलेले हातपाय. लांबून पाहिलं तर लेझीम खेळणारा गडी वाटावा. जुन्या रूपात मात्र ती वाहत्या पाण्याची रेघ आहे, फाटे फुटलेली. इसवी सन 100च्या सुमाराला श्यू शेन या पंडितानं कोश रचला, त्यात त्यानं या अक्षराचा संबंध पाण्याच्या लांबीशी जोडला. काही अभ्यासकांना तिथं पोहणारा माणूस दिसतो. त्यातही तथ्य असावं, कारण याच अक्षराच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की आजही ‘पोहणे’ होतं.

मला हे अक्षर शिकवलं ते रंगाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका हिशेबनिसानं. सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी म्हणत. सकाळी बागेत स्पंजाचा लांब ब्रश पाण्यात बुडवून ते फरशीवर लिहीत. मी बाराखडी गिरवून वाढलेला. मला वाटलं, सोप्यापासून सुरुवात करतील. त्यांनी थेट युंग काढून दिलं. नेहमीच्या लिखाणात हात पाचदाच उचलायचा, पण त्यात ब्रशच्या आठ मूळ हालचाली येतात. म्हणून ‘युंगचे आठ नियम’ हा शिक्षणाचा पायाच मानतात.

त्या आठांची जुनी नावं मला अक्षराइतकीच आवडतात. आडवी रेघ म्हणजे घोड्याचा लगाम खेचणं, उभी रेघ म्हणजे ताणलेलं धनुष्य, आकडा म्हणजे उडी. डावीकडे उतरणारा छोटा फटकारा पक्ष्यानं चोच मारावी तसा. रेघ कशी दिसावी हे नावात नाहीच. हातानं काय करावं ते आहे. माझी आडवी रेघ पाहून लाओशी म्हणायचे, ‘घोडा पळाला!’

लानथिंगची गोष्ट इ. स. 353ची. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी वांग शीझी या अधिकाऱ्यानं मित्र जमवले. वळणावळणाच्या ओढ्यात मद्याचे प्याले सोडायचे. ज्याच्यापुढे प्याला थांबेल त्यानं कविता करायची, न जमली तर तीन प्याले रिचवायचे. 37 कविता झाल्या. ज्यांना जमलं नाही त्यांत वांगचा स्वतःचा मुलगा श्येनझी होता. तोच पुढे थोर सुलेखनकार झाला! त्या कवितांना वांगनं जी प्रस्तावना लिहिली तिची सुरुवात राजवर्षाच्या नावानं होते, आणि त्या नावाचं पहिलं अक्षर युंग.

मूळ कागद आज नाही. थांग सम्राट थायत्सुंगला त्याचा इतका लोभ होता की तो त्याच्याबरोबर पुरला गेला, असं सांगतात. उरल्या त्या नकला. त्यांतली एक नावाजलेली नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. वांगच्या वंशात सातव्या पिढीला झीयुंग नावाचा भिक्खू झाला. त्याच्या नावातही हेच अक्षर. सहस्राक्षरी पाठाच्या 800 प्रती त्यानं लिहिल्या, अशी ख्याती आहे. अक्षर मागायला येणाऱ्यांनी त्याचा उंबरठा इतका झिजवला म्हणे, की त्याला लोखंडी पत्रा मारावा लागला. झिजलेले ब्रश त्यानं पुरले. मला वांगपेक्षा हा माणूस जवळचा वाटतो. प्रतिभेपेक्षा मेहनत मोजायची सवय, दुसरं काय.

रोजच्या व्यवहारात युंग कुठंही भेटतं. शांघायच्या ‘युंगच्यू’ सायकलच्या बोधचिन्हात नावाची दोन अक्षरंच सायकल होऊन उभी आहेत. पेठेत ‘कायम भरभराट’ अशा थाटाच्या पाट्या गल्लोगल्ली. जपायचं ते निरोप घेताना. ‘युंगब्ये’ म्हणजे पुन्हा भेट नसलेला निरोप, तो सहसा कुणी तोंडातून काढत नाही. उधारी थकवून पसार झालेल्या गिऱ्हाइकाचा विषय निघाला, की माझे शेजारी मात्र तो खुशाल उच्चारत.